परक्या भाषेतील वर्ग

सोलापूर शहरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर औद्योगिक वसाहत लागते. वाचकांपैकी कित्येकांच्या घरातील अंथरूण-पांघरूण आणि अंग पुसण्याचा पंचा याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतून आलेला असेल. यंत्रमागांचा खडखडाट येथे जुना आहे. टॉवेलांचे गठ्ठे बांधून, त्यांवर परदेशी बंदरांची नावे रंगवून ते मालमोटारींतून रवाना होतात. ज्यांच्या हातांनी हा माल विणला जातो त्यांतील पुष्कळांचे पूर्वज तेलंगणातून मागासह स्थलांतर करून आले. त्यांच्या घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि शेजारी अक्कलकोटच्या बाजूचा कोणी असेल तर कन्नड, असा तीन भाषांचा संसार ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. परमुलखात जाऊन राहणे म्हणजे काय, हे या गावाला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

तरीही एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. आमच्या ओळखीची एक शिक्षिका आखाती देशात शाळेत शिकविते. तिचे वडील या वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात जॉबर होते. ती सुटीवर आली की तिच्या बोलण्यात मोठे दुःख असे काहीच नसते. पदवीच्या कागदांवर आणखी एक शिक्का हवा म्हणून चार महिने अडलेले काम, हजेरी घेताना मुलांनी तिच्या उच्चाराची केलेली नक्कल, स्वतःच्या नावाचे रोज होणारे नवे रूप, आणि नाताळच्या दिवशीही घ्यावा लागलेला तास. घरची मंडळी तिला सांगतात, “पगार चांगला आहे ना? मग एवढ्यातेवढ्याचे काय घेऊन बसतेस?” त्या एवढ्यातेवढ्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. परदेशी गेलेल्या माणसाचे एक तर वैभव लिहिले जाते, नाही तर हौतात्म्य. मधले दिवस गळून पडतात. सोलापूरच्या ज्या सुपुत्राचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्याच्याही बाबतीत नेमके हेच घडलेले आहे.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर कनिष्ठ मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. त्या काळचे सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे गाव होते. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाले आणि पुढील परीक्षेच्या तयारीत होते. जपानने १९३७ साली चीनवर आक्रमण केले होते. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली, आणि १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले. पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे मदनमोहन अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे देवेश मुखर्जी आणि बिजयकुमार बसू. बसूंच्या जागी खरे तर दुसरेच एक बंगाली डॉक्टर, रणेन सेन, जायचे होते. परंतु ब्रिटिश सरकारने त्यांना पारपत्र नाकारले. परदेशवासाची पहिली कुरकुर कागदापासूनच सुरू होते, ही गोष्ट त्या वेळीही खरी होती.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ ही बोट मुंबई सोडून निघाली आणि १७ तारखेला पथक कँटनला पोहोचले. धक्क्यावर स्वागताला सुन यत्‌-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग उपस्थित होत्या. स्वागत थोर झाले. काम मात्र ज्या उत्तरेकडील आघाडीवर करावयाचे, तेथवर पोहोचायला कित्येक महिने लागले. ऑक्टोबरात कँटन पडले, पाठोपाठ हांखौ पडले. पथक हांखौहून इचांगला, इचांगहून चुंगकिंगला सरकत गेले. चुंगकिंगच्या सरकारला आपल्याकडे आलेले डॉक्टर कम्युनिस्टांच्या मुलखात जाऊ द्यायचे नव्हते. त्यामुळे परवाने, भेटी, आश्वासने आणि पुन्हा वाट पाहणे, असा क्रम चालला. शस्त्रक्रिया करण्यासाठी आलेल्या तरुणाने हात बांधून बसावे, ही शिक्षा काही लहान नव्हे. याच काळात, जानेवारी १९३९ मध्ये, यनानकडे निघण्याच्या तोंडावर कोटणीसांना घरून पत्र आले. वडील वारले होते. परत जावे असे सोबत्यांनी सुचविले, पण ते गेले नाहीत. मुलगा वडिलांस शेवटचा निरोप देऊ शकला नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

चुंगकिंगलाच त्यांना नवे नाव मिळाले. शांतिनिकेतनच्या चीनभवनाचे संस्थापक प्राध्यापक थान युनशान यांनी पाचही डॉक्टरांच्या नावांना चिनी रूप दिले आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. हा सन्मानच होता. तरी ज्याला आपले नाव सोडून परक्या नावाने हाक मारली जाते, त्याला पहिले काही दिवस ओ द्यायला क्षणभर उशीर होतो. पुढे लोक त्यांना नुसते ‘लाओ के’ म्हणू लागले. आपल्याकडे ‘अहो कोटणीस’ म्हणावे तितके ते घरगुती आहे.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक यनानला पोहोचले. आणि येथूनच आमच्या विषयाचा गाभा सुरू होतो, तो म्हणजे भाषा.

आपल्या वाचकांना येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स परिचित आहेत. इंग्लंडचा हा मनुष्य १५७९ साली गोव्यात उतरला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. मधली सदतीस वर्षे आपण एका वाक्यात ओलांडतो. त्यांचेच समकालीन फादर मात्तेओ रिची १५७८ ते १५८२ या काळात गोवा आणि कोचीन येथे होते, तेथून ते चीनला गेले आणि चिनी पंडितांना चिनी भाषेत ग्रंथ लिहून दाखविले. या दोघांजवळ आयुष्य होते. कोटणीसांजवळ वर्ष-दीड वर्ष होते, आणि त्यांना लिहायचे नव्हते, वर्गात उभे राहून शिकवायचे होते. ग्रंथकाराला अडलेला शब्द उद्यावर टाकता येतो. मास्तराला येत नाही. समोर पन्नास चेहरे वाट पाहत असतात.

चिनी भाषेत स्वराच्या चढउतारावर अर्थ ठरतो. ‘फेइ’ हा उच्चार वरून खाली सोडला तर फुप्फुस. उंच आणि सपाट ठेवला तर उडणे. खालून वर नेला तर लठ्ठ. ‘माइ’ हा शब्द एका चढणीने विकत घेणे होतो आणि दुसऱ्या उतरणीने विकणे. छातीच्या जखमेवर व्याख्यान देणाऱ्याने हे चुकविले तर काय हशा पिकेल, याची कल्पना करावी. शिवाय वैद्यकाचे जे शब्द आपले डॉक्टर मुंबईत इंग्रजी-लॅटिनमध्ये शिकले, त्यांचा तेथे उपयोग नाही. चिनी भाषेने लॅटिन नावे उसनी घेण्याऐवजी बहुतांशी स्वतःचे शब्द घडविले आहेत. अवयवाच्या नावापुढे ‘यान’ जोडले की त्या अवयवाचा दाह झाला. ते अक्षर लिहिताना अग्नीची खूण एकावर एक दोनदा काढतात. आपणही फुप्फुसदाह म्हणतो, जळणेच मनात आणतो. सोलापूरच्या या विद्यार्थ्याला हे अक्षर पहिल्यांदा दिसले तेव्हा बरे वाटले असेल, असे मला उगाचच वाटते. बाकी मात्र प्रत्येक हाड, प्रत्येक शीर नव्याने पाठ करावी लागली. शिकून झालेले पुन्हा शिकणे हे नवे शिकण्याहून कंटाळवाणे असते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान इंग्रजीतून शिकलो आणि नंतर तेच मराठीतून श्रद्धावंतांसमोर मांडू लागलो, तेव्हा आपल्याच मायबोलीत जीभ अडखळत असे. येथे तर मायबोली नव्हतीच.

त्यांच्या आधी त्याच मुलखात एक परदेशी शिक्षक होऊन गेला होता. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३८ च्या वसंतात यनानला आले. वुताय डोंगरातील सोंगयानखौ गावी त्यांनी आदर्श रुग्णालय उभारले. १५ सप्टेंबर १९३८ रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि थोड्याच काळात जपानी सैन्याने ते उद्ध्वस्त केले. बेथ्यून यांना चिनी येत नव्हते. दुभाषा बाजूला उभा राही आणि एकेक वाक्य पलीकडे पोहोचवी. माणूस तापट, हात विलक्षण चपळ, आणि तोंडातले वाक्य दुसऱ्याच्या तोंडातून जाईपर्यंत थांबण्याची सक्ती. १९३९ साली मित्राला लिहिलेल्या एका पत्रात हा कणखर गृहस्थ कॉफीची, भाजलेल्या मांसाची, सफरचंदाच्या पायची स्वप्ने पडतात असे कबूल करतो, आणि जगात अजून पुस्तके लिहिली जातात का, संगीत वाजते का, असे विचारतो. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला, शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन त्यांचा अंत झाला. बेथ्यून यांच्या चरित्राचे पोवाडे झाले. मला ते कॉफीचे वाक्य अधिक मोलाचे वाटते, कारण त्यात माणूस सापडतो.

भारतीय पथक तोवर विरळ होत चालले होते. चोळकर आणि मुखर्जी १९३९ सालीच परतले, अटल पुढच्या वर्षी आजारपणामुळे गेले. चोळकर गेले त्याच दिवशी कोटणीसांची मराठी बंद झाली, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. बसूंशी बोलायचे ते इंग्रजीत किंवा हिंदीत. पुढे बसूही यनानला परतले आणि १९४१ पासून सोलापूरचा हा डॉक्टर होपेई प्रांताच्या पश्चिमेकडील डोंगरांत एकटा भारतीय उरला. घरच्या पत्रांना शत्रूचा वेढा ओलांडून यावे लागे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटिशांविरुद्ध युद्धात उतरल्यावर तर वाटा आणखीच आक्रसल्या. ज्या भाषेत माणूस रागावतो, हिशेब करतो आणि प्रार्थना करतो, ती महिनोन्‌महिने कानावर न पडणे, ही तक्रार कोणत्याही अर्जात लिहिता येत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात कोटणीस आणि बसू या सीमाप्रदेशात आले आणि बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शल्यशास्त्र शिकवू लागले. शिकवणे चिनी भाषेतून. दुभाषा नाही. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची पोरे. काहींचे शिक्षण जेमतेम. प्रांत निरनिराळे, त्यामुळे त्यांची बोलीही एकसारखी नाही. म्हणजे मास्तरांनी कष्टाने कमावलेली चिनी एका बाकावर समजे, दुसऱ्यावर चाचपडावे लागे. ग्रंथालय असे काही नाही. भूल देण्याच्या औषधाला आणि हत्यारांना शत्रूच्या नाकेबंदीने तुटवडा. शाळाच मुळी एका जागी राहत नसे. शत्रूची ‘झाडाझडती’ सुरू झाली की रुग्ण, विद्यार्थी, खुंट्यावरचे कंदील सारे डोंगरात पांगायचे, आणि मोहीम ओसरली की पुन्हा जमायचे. अर्धवट राहिलेला धडा कोठून सुरू करावयाचा? हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाला सुटीनंतर पडतो. येथे तो मधल्या काळात काही विद्यार्थी मारले गेल्यावर पडत असे.

त्याच वर्षीच्या शरदातील मोठ्या लढाईत, तेरा दिवसांत आठशेवर जखमी आले आणि त्यांतील ५५८ जणांवर कोटणीसांनी शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. तो सांगण्याजोगा आहेच. तथापि मोठ्या लढाईचे तेरा दिवस माणूस अंगातल्या आवेशाने काढतो. उरलेले साडेतीनशे दिवस कशाने काढतो, हे आकड्यात येत नाही.

जेवणाचे घ्या. उत्तर चीनचा तो मुलूख भाताचा नाही, राळ्याचा आणि ज्वारीचा आहे. हे वाचून सोलापूरकरांना हायसे वाटेल. ज्वारी म्हणजे आपलेच धान्य! पण तेथे ज्वारीची भाकरी थापीत नाहीत. ती शिजवून किंवा पेज करून खातात. ओळखीचे धान्य अनोळखी रूपात ताटात यावे, याने घराची आठवण शमते की चाळवते, हे ज्याने सोसले तोच जाणे. चटणीचे तर नावच नको. पुढे तेही दुर्मिळ झाले. १९४१-४२ मध्ये वेढा आणि दुष्काळ यांनी सीमाप्रदेश इतका जेरीस आला की लोक झाडपाला खाऊ लागले, आणि १९४२ साली सेनापती नी रोंगचेन यांना हुकूम काढावा लागला की गावांजवळच्या झाडांची पाने सैनिकांनी तोडू नयेत, ती गावकऱ्यांसाठी ठेवावीत. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला तेथील गोठविणारा हिवाळा कसा झेपला असेल, हे निराळे सांगायला नको. रात्री विटांच्या तापविलेल्या ओट्यावर झोपायचे. एक कूस भाजते, दुसरी गारठते.

या टापूचा विषय निघाला असता आपल्या वाचकांपासून एक गोष्ट दडवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. १९०१ साली बेल्जियमहून चीनला आलेले फादर व्हिन्सेंट लेब हेही याच उत्तरेकडील डोंगरांत जखमी सैनिकांच्या डोल्या वाहणाऱ्यांचे पथक चालवीत होते. चिनी भाषेवर त्यांची असामान्य पकड होती, त्यांनी वृत्तपत्र चालविले, चिनी नागरिकत्व घेतले. चिनी धर्मगुरूंना परदेशी धर्मगुरूंच्या बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून ते स्वकीयांशीच वर्षानुवर्षे झगडले, आणि १९२६ साली पोप पायस अकरावे यांनी सहा चिनी महागुरूंना रोममध्ये दीक्षा दिली त्यामागे त्यांचे परिश्रम होते. १९४० च्या वसंतात कम्युनिस्ट सैन्याने त्यांना पकडून काही आठवडे अटकेत ठेवले. सुटले तेव्हा देह खंगला होता; २४ जून रोजी चुंगकिंगला त्यांनी प्राण सोडला. त्याच उन्हाळ्यात कोटणीस त्याच पक्षाच्या रुग्णालयात रुजू होत होते, आणि जुलै १९४२ मध्ये ते त्या पक्षाचे सभासदही झाले. पुढे १९४९ नंतर परदेशी मिशनऱ्यांना, त्यांत आयुष्यभर शिकविलेल्या कित्येक शिक्षक-शिक्षिकांना, देश सोडावा लागला. कोटणीसांच्या पक्षाशी माझे मत जुळत नाही. त्यामुळे त्यांचा वर्ग माझ्या नजरेत लहान होत नाही, आणि लेब यांचाही होत नाही. दोघांनीही परक्याची भाषा आपली केली; एकाच्या वाट्याला पुतळा आला, दुसऱ्याच्या वाट्याला विस्मृती. हा वाटा त्यांनी ठरविलेला नव्हता.

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. परदेशी माणसाला वरिष्ठपद मिळाले की त्याच्या कामात हिशेब, भांडणे, रेशनचे वाटप आणि बैठका यांची भर पडते. आणि बैठका, हे कोणत्याही धर्मग्रामात वेगळे सांगावे लागणार नाही, परक्या भाषेत दुप्पट लांब वाटतात. सैनिकांनी आणि गावकऱ्यांनी मात्र त्यांना ‘काळी आई’ असे नाव दिले होते. वर्णावरून पडलेले नाव मायेचे झाले तरी त्यात वर्ण राहतोच. त्यांनी ते कसे घेतले असेल, यावर निर्णय द्यायला मी धजत नाही.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी त्याच शाळेत शुश्रूषा शिकविणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी विवाह केला. शिक्षकाने शिक्षिकेशी लग्न केले. चिंगलान शान्सी प्रांतातील फेनयांगच्या. गंमत अशी, की ज्या अमेरिकन बोर्डाच्या मिशनऱ्यांनी फेनयांगला रुग्णालय उभे केले, त्याच बोर्डाच्या मिशनने सोलापुरात १८६० च्या दशकापासून शाळा चालविल्या होत्या. म्हणजे मॅसॅच्युसेट्समधून निघालेल्या शिक्षिका एकीकडे सोलापूरच्या उन्हात मराठीशी आणि दुसरीकडे फेनयांगच्या थंडीत चिनीशी झगडत होत्या. त्यांनी बोस्टनला पाठविलेल्या अहवालांत मुलींची संख्या आणि इमारतींचा खर्च असे. उन्हाने डोके दुखण्याची नोंद अहवालाच्या रकान्यात बसत नसे.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले ‘यिनहुआ’: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बापाला मात्र आकडी येण्याचा विकार जडला होता. उपचारासाठी दुसरीकडे जावे, असे सेनापतींनी सुचविले. त्यांनी ते मानले नाही.

१९४६ साली व्ही. शांताराम यांनी या जीवनावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. तो पाहून कित्येकांनी डोळे पुसले. पण चित्रपटातील चिनी माणसे अस्खलित हिंदुस्तानी बोलतात! डॉक्टर बोलतो आणि सर्वांना समजते. पडद्यावर हे अपरिहार्य असेल. परंतु त्यामुळे ज्या एका अडचणीशी त्या माणसाने रोज झुंज दिली तीच कथेतून नाहीशी झाली. पुढे सोलापुरात त्यांच्या राहत्या घराचे स्मारक झाले, चीनमध्ये शिच्याच्वांग येथे पुतळा आणि समाधी आहे. पुतळ्याला व्याकरण लागत नाही.

शिकविण्यासाठी चिनी भाषेत पाठ्यपुस्तक हवे, ते मिळत नाही, म्हणून त्यांनी ते स्वतःच लिहावयास घेतले होते. शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवरील पहिले पुस्तक त्यांनी पुरे केले. एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेचे विवेचन करणारे दुसरे पुस्तक १९४२ च्या हिवाळ्यात चालू होते. ८ डिसेंबरच्या रात्री तांग तालुक्यातील गेगोंग गावी ते त्याच पुस्तकाची पाने लिहीत बसले असता आकडी आली. ९ डिसेंबरच्या पहाटे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसऱ्या पुस्तकातील प्रकरण अर्ध्यावर राहिले होते.